रविवारचं रक्त

जेवण थांबलं होतं, कारण अण्णाने अजून ‘सगळे स्वच्छ’ असं म्हटलं नव्हतं.

ताटं मांडून झाली होती. भात निवत चालला होता आणि निवलेला भात आईला अजिबात खपत नसे. तरी ती भांड्यावर झाकण ठेवून गप्प बसली होती. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांनी घालून दिलेला हा नियम मोडायची कुणाची छाती नव्हती. खालच्या मजल्यावर प्रयोगशाळा, वरच्या मजल्यावर घर. खाली नवा अर्क तयार झाला की त्या रविवारी सकाळी सगळ्यांनी बाह्या सरसावून याच टेबलाशी बसायचं, रक्त द्यायचं, आणि खालून ‘सगळे स्वच्छ’ असा निरोप आला की याच टेबलाशी जेवायचं. लोकांच्या घरी रविवारी न्हावी यायचा, या घरी सुई यायची.

बाहेर ज्या आजाराचं नाव लोक कानात कुजबुजत, त्यावर या घराची चूल पेटत होती. उपदंश. आई त्याला गरमी म्हणे, बाकीचे नुसतं ‘तो आजार’ म्हणत. बाबा मात्र पाहुण्यांसमोरसुद्धा त्याचं पूर्ण नाव घेत, त्यामुळे या घरी पाहुणे जरा कमीच येत. बाबांची रक्ततपासणी दुपार टळेपर्यंत चालायची. तिला मेंढीचं रक्त लागायचं, पिंजऱ्यातले गिनीपिग लागायचे आणि बाबांचा संतापही लागायचा. अण्णाने, त्यांच्या थोरल्या मुलाने, यातलं सगळंच काढून टाकलं. खाटिकखान्यातून आणलेली जनावरांची हृदयं चरबी काढून बारीक करायची, वाळवायची, स्पिरिटमध्ये मुरवायची, आणि शेवटी उरतो तो मधाच्या रंगाचा अर्क. काचेवर मेणाची कडी काढायची, तिच्यात माणसाच्या सीरमचा एक थेंब, म्हणजे रक्त थिजल्यावर वर सुटतं त्या पिवळसर पाण्याचा, आणि अर्काचा एक थेंब. काच हलकेच फिरवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. बारीक रेतीसारखे कण सारखे पसरलेले दिसले तर माणूस स्वच्छ. कणांच्या गुठळ्या झाल्या तर आजार. चहाला उकळी येईपर्यंत निकाल हातात.

आता प्रत्येक नवा अर्क बरोबर जमलाय की नाही, हे कळायला दोन तऱ्हेचं रक्त लागतं. आजारी माणसांचं रक्त रुग्णालयातून हवं तेवढं मिळे. प्रश्न असायचा खात्रीच्या निरोगी रक्ताचा. बाबा म्हणत, ‘ते बाहेर कुठे शोधायचं? ते घरातच आहे.’ झालं, तेव्हापासून या घराचं रक्त म्हणजे निरोगीपणाचं माप ठरलं. कुणाला सर्दी, ताप, खोकला असेल तर मात्र त्याला त्या रविवारी सुट्टी. आजारी माणसाचं रक्त मापाला कसं चालेल?

“करतोय काय हा एवढा वेळ?” आईने विचारलं.

“काच पुसत बसला असेल,” धाकटा म्हणाला. तो पूल बांधणारा इंजिनिअर. वर्षातले निम्मे दिवस नदीकाठच्या तंबूत काढणारा आणि घरी आला की भुकेने कासावीस होणारा. “उद्या आरोग्य खात्याचे साहेब येणार ना. एकदा त्यांनी सही केली की देशातल्या प्रत्येक गरोदर बाईची तपासणी अण्णाच्या अर्काने. नवरदेव झालाय तो. लग्न केलं नाही ते बरंच केलं म्हणा, बायकोकडे एवढं टक लावून कुणी बघत नाही.”

त्याची बायको हसली. ती शाळेत शिकवायची, म्हणून घरात सगळे तिला मास्तरीणच म्हणत, सासूसुद्धा. तिला चौथा महिना लागला होता. लग्नाला वर्ष होऊन गेलं तरी ती आज पहिल्यांदाच सुईच्या पंगतीला बसली होती. दर वेळी काहीतरी आडवं यायचं. कधी सर्दी, कधी उलट्या, नाहीतर आई म्हणायची, ‘तू राहू दे गं.’ आज तिने सगळ्यांच्या आधी दंड पुढे केला होता आणि अण्णाने तिच्यासाठी काचेवर नवी कडी काढली होती. तेव्हापासून तिचा चेहरा खुललेला होता.

जिन्यावर पावलं वाजली. अण्णा दारात आला, पण आत आला नाही.

“तुम्ही जेवून घ्या,” तो म्हणाला. “ताई, तू जरा खाली येतेस?”

ताई, म्हणजे या घरातली थोरली लेक, रुग्णालयाच्या प्रसूती विभागात डॉक्टर होती. ती काही न विचारता उठली. आईने भाताच्या भांड्यावरचं झाकण उचललं आणि परत ठेवलं.

*

अण्णाने ती कडी तीनदा करून पाहिली होती. पहिल्यांदा त्याला वाटलं, काच नीट धुतली गेली नसेल. दुसऱ्यांदा वाटलं, तपासणीआधी सीरम ज्या गरम पाण्यात धरतात ते पाणी कोमट राहिलं असेल. तिसऱ्यांदा काय वाटायचं ते उरलंच नाही. आईची कडी रेतीसारखी, ताईची तशीच, त्याची स्वतःची तशीच, धाकट्याची तशीच. आणि शेवटच्या कडीत गुठळ्या.

ताईने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“शेवटची कडी म्हणजे तिची?”

“हो.”

“आणि धाकट्याची?”

“स्वच्छ.”

ताई स्टुलावर बसली. तिने असे निकाल शेकड्यांनी पाहिले होते. अण्णाची तपासणी बाहेर सगळ्यात आधी तिच्याच वॉर्डात सुरू झाली होती, आणि त्या तपासणीमुळे किती बाळं धडधाकट जन्माला आली हे तिला तोंडपाठ होतं. निकाल आला की ती नवरा-बायकोला समोर बसवून सरळ सांगायची. आडपडदा ठेवला तर लोक इंजेक्शनं अर्धवट सोडतात, हा तिचा अनुभव होता.

“मग आजच औषध सुरू करू,” ती म्हणाली. “चौथाच महिना आहे. बाळाला काही होऊ देणार नाही मी.”

“तुला असं नाही ना वाटत, की तपासणीच चुकली असेल?”

“तुला वाटतं?”

ताई ‘हो’ म्हणाली असती तर अण्णाला राग आला असता, आणि ‘नाही’ म्हणाली तर काय वाटेल हे त्याला कळत नव्हतं. मास्तरीण त्याला मनापासून आवडायची. घरात त्याच्या अर्काबद्दल प्रश्न विचारणारी ती एकटीच. पण उद्या साहेब येणार होते. तपासणी चुकली म्हणायचं तर सगळ्या आयुष्याच्या कामावर पाणी सोडायचं, आणि बरोबर म्हणायचं तर भावाचा संसार. अशा वेळी माणूस जे करतो तेच त्याने केलं. त्याने कामाची बाजू घेतली आणि तिला खऱ्याची बाजू म्हटलं.

“घरच्या रक्तावर ती आजवर एकदाही चुकलेली नाही,” तो म्हणाला.

“मग झालं तर. मी सांगते दोघांना. वॉर्डात सांगते तसंच.”

“वॉर्डात सांगतेस तसं घरात सांगू नकोस गं,” मागून आईचा आवाज आला. ती कठड्याला धरून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. “आणि कुजबुजूही नका. वर दोघं तुमची वाट बघत बसलीत.”

*

तिघं वर आली आणि ताईने सांगितलं. मऊ आवाजात, पण सरळ. उपदंशाची खूण मास्तरणीच्या रक्तात निघाली आहे, धाकट्याच्या नाही. औषध आहे, बाळ वाचेल, घाबरायचं कारण नाही.

धाकटा बायकोकडे वळला. “कुणाकडून?” त्याने विचारलं.

एवढंच. आवाजही चढवला नाही. पण तो शब्द टेबलावर असा पडला की आईला आपल्या पोटच्या पोराच्या मुस्कटात द्यावीशी वाटली, आणि त्याच क्षणी, खरं सांगायचं तर, तिलाही तेच विचारावंसं वाटलं. आईच्या मनात दोन्ही गोष्टी एकदम मावत. चार पोरं वाढवून, त्यातलं एक पुरून ती या वयाला पोचली होती. मन एकाच दिशेने चालतं असला भ्रम तिला उरला नव्हता.

“पोरी,” ती म्हणाली, “काय असेल ते सांगून टाक. घरातलं घरात राहील.”

मास्तरणीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं आणि शेवटी अण्णाकडे वळली.

“तुमची तपासणी चुकलीय, अण्णा.”

“मी तीनदा केली.”

“तीनदा केलीत तर तीनदा चुकली.”

“या घरच्या रक्तावर ती कधीच...”

“या घरच्या!” तिचा आवाज आता शाळेतला झाला. “या घरचे म्हणजे किती? तुम्ही चौघं. त्याच चौघांचं रक्त, वर्षानुवर्षं. मी रोज वर्गातल्या त्याच चार हुशार मुलांना प्रश्न विचारले तर माझाही वर्ग कधी नापास होणार नाही. इन्स्पेक्टर खूश होऊन जाईल. म्हणून काय सगळ्यांना गणित आलं?”

ताई चिडली.

“हे बघ, माझ्या वॉर्डातली प्रत्येक बाई हेच म्हणते. तपासणी चुकली, मी तशी नाही, शपथेवर सांगते. ऐकून ऐकून माझे कान किटलेत.”

“मग त्यातली एखादी तरी खरं बोलत असेल, ताई.”



“आणि तुम्ही,” मास्तरीण नवऱ्याला म्हणाली. आता तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायची ती तसदी घेत नव्हती. “सहा-सहा महिने तंबूत राहता. मी कधी विचारलं तुम्हाला? आज उलटं निघालं असतं, तुमच्या कडीत गुठळ्या असत्या, तरी माझा पहिला प्रश्न हा नसता.”

“काय असता मग?” धाकटा म्हणाला. तो आता खाली बघत होता.

“‘दुखतंय का कुठे’ असं विचारलं असतं.”

आई उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि सुनेच्या शेजारच्या खुर्चीत बसली. आतापर्यंत ती मुलाच्या शेजारी बसली होती. हे सगळ्यांच्या लक्षात आलं, धाकट्याच्या तर चांगलंच.

तिला स्वतःचा पहिला रविवार आठवत होता. लग्न होऊन नवी नवी या घरात आली होती. बाबांनी न विचारता तिचा दंड धरला होता आणि म्हणाले होते, ‘आपल्याला खात्रीचं रक्त हवंय.’ तिच्यात काही दोष नव्हता, ते तिला पक्कं ठाऊक होतं. तरीही त्या दुपारी ती स्वयंपाकघरात बसून थरथरली होती. तपासणीत काय निघेल ते निघेल, आणि जे निघेल तेच खरं धरलं जाईल, माझं नाही, एवढं तिला तेव्हाच कळलं होतं. ‘स्वच्छ’ निघाली म्हणून सुटली. पुढे तिला त्या शब्दाचा मोठेपणाही वाटायला लागला. माणूस सुटला की विसरतो.

“मीही बसले होते अशी एकदा,” ती म्हणाली. “फक्त माझं नशीब बरं होतं.” मग तिने सुनेच्या हातावर हात ठेवला. “आता मला एक सांग. माहेराहून आलीस तेव्हा तुझं तोंड ओढल्यासारखं दिसत होतं. मी विचारलं तर प्रवासाचा शीण म्हणालीस. शीण होता?”

“ताप होता,” मास्तरीण म्हणाली.

“कसला ताप?” ताईने एकदम विचारलं.

“थंडी वाजून यायचा. एक दिवस आड. तिथल्या डॉक्टरांनी कडू गोळ्या दिल्या, हिवताप म्हणाले. इथे आले तेव्हा उतरत आला होता.”

“आणि तू बोलली नाहीस?” अण्णाचा आवाज पहिल्यांदाच चढला. “ताप आलेल्याने बसायचं नाही हा नियम तुला माहीत नाही?”

“माहीत आहे म्हणूनच बोलले नाही!” ती म्हणाली. “वर्ष झालं मला या घरात येऊन. दर वेळी तुम्ही सगळे इथे बसणार, हसणार, एकमेकांना चिडवणार आणि मी आत भांडी लावणार. दर वेळी काहीतरी कारण. मला एकदा तरी बसायचं होतं. मूर्खपणा केला मी, कबूल. पण हा मूर्खपणा एवढा महाग पडेल असं वाटलं नव्हतं.”

अण्णा ऐकत होता, पण त्याचं लक्ष तिच्या बोलण्यावर नव्हतं. तो स्वतःच्याच वाक्याला अडकला होता. ताप आलेल्याने बसायचं नाही. सर्दी झालेल्याने बसायचं नाही. गरोदर बाईला त्रास नको. एवढी वर्षं त्याने अर्क लावून घेतला तो फक्त दोन टोकांवर. एका टोकाला उपदंशाचे रोगी, दुसऱ्या टोकाला ठणठणीत माणसं. आणि जगातले बाकीचे सगळे, ज्यांना भलताच कसला तरी आजार असतो, ते त्याच्या काचेवर कधी आलेच नव्हते. बाबांनी त्यांना दाराबाहेर ठेवलं होतं आणि त्याने दार कधी उघडून पाहिलं नव्हतं.

“ताई,” तो म्हणाला, “तुमच्या तापाच्या वॉर्डात आत्ता माणसं असतील?”

“या दिवसांत? खाटा पुरत नाहीत.”

*

रुग्णालय पायी जाण्यासारखं होतं. अण्णा आणि ताई निघाले तशी मास्तरीणही चपला घालून उभी राहिली. “माझ्या रक्तावरून चाललंय सगळं, मला बघायचंय,” ती म्हणाली. धाकटा चार पावलं मागून आला. त्याला कुणी ये म्हटलं नव्हतं.

ताईने तापाच्या वॉर्डातून रक्त घेतलं. गवंडी होता, शिंपीण होती, कुशीवर वळून कण्हणारा एक म्हातारा होता, पाटीदप्तराच्या वयाची पोरं होती. रुग्णालयातल्या छोट्या तपासणीच्या खोलीत अण्णाचा अर्क होताच. रक्त थिजेपर्यंत मास्तरीण बाकावर बसून राहिली आणि धाकटा खिडकीशी. त्याने दोनदा तिच्याकडे पाहिलं आणि दोन्ही वेळा तोंड उघडून मिटलं. पूल बांधणारा माणूस, पण एवढंसं अंतर काही त्याला ओलांडता येईना.

उन्हं उतरली तेव्हा अण्णाने काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. पहिली कडी रेतीसारखी. दुसरीत गुठळ्या. तिसरी, चौथी रेतीसारख्या. मग परत गुठळ्या, आणि परत. त्याने बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या पाहिल्या. एक त्या शिंपिणीची होती, दोन शाळकरी पोरांच्या.

“एवढे सगळे उपदंशाचे?” तो म्हणाला, पण तो प्रश्न नव्हता. मग तो मास्तरणीकडे वळला. “तुझं रक्त स्वच्छ आहे असं मी आज सांगणार नाही. माझी तपासणी ते सांगू शकत नाही, एवढंच मला आज कळलंय. ताप पूर्ण उतरून थोडे दिवस गेले की परत बघू. माझी खात्री आहे, काही निघणार नाही.”

“म्हणजे काही नाही!” धाकटा पुढे झाला. त्याचा चेहरा असा काही उजळला की बघणाऱ्यालाच संकोच वाटावा. “बघ, मी म्हणत नव्हतो...”

“तुम्ही काय म्हणत होता ते मी ऐकलंय,” ती म्हणाली. मग ताईकडे वळली. “ताई, तुमच्या वॉर्डात ज्या बायकांचं असं निघालं, त्यातल्या किती जणींना ताप होता?”

ताई हिशोब करत नव्हती, तिला चेहरे आठवत होते. हिवताप काही बायका-पुरुष बघून येत नाही आणि गरोदर बाईला तर आधी गाठतो. कितीतरी जणी ताप अंगावर घेऊनच दाखल झाल्या होत्या. तिने ताप उतरवला होता, रक्त तपासलं होतं, आणि मग नवऱ्याला बोलावून खुर्चीत बसवलं होतं.

“आपण घाई नको करायला,” अण्णा म्हणाला. “मी उद्या साहेबांना सही करू नका म्हणून सांगतो. अर्क सुधारतो. तू या सगळ्यांची परत तपासणी कर, पण गाजावाजा नको. नाहीतर ज्यांना खरोखर आजार आहे त्याही म्हणतील तपासणी खोटी, आणि इंजेक्शनं सोडतील. त्यांची बाळं जातील, ताई.”

“ते खरं आहे,” ताई म्हणाली. हीच तिची रोजची लढाई होती. “शांतपणे करू.”

“शांतपणे?” मास्तरीण म्हणाली. “आरोप तर नवऱ्यासमोर बसवून झाला.”

“मी आरोप नव्हता केला. मी निकाल सांगितला.”

“दुपारी मीही निकालच ऐकला. आणि लगेच पुढे काय झालं तेही तुम्ही ऐकलंत. मी तुमच्या घरातली होते म्हणून तुम्ही तीनदा पाहिलंत, तापाचं विचारलंत, रविवार असून इथवर आलात. त्यांच्यासाठी कोण आलं?”

खोलीत दिवा लावायला माणूस आला, चौघांना बघून लगबगीने दिवा लावून निघून गेला. अण्णा खाली बघत काच पुसत होता. पुसून झालेली काचच तो परत पुसत होता.

“इंजेक्शनं सोडू नका हेही त्यांना सांगता येईल,” ताई शेवटी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “परत तपासेपर्यंत घेत राहा म्हणायचं. पण सांगायला हवं. चल अण्णा. एक जण तर इथेच आहे.”

*

ताईच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवरची बाई दोन महिन्यांपासून तिथे होती. दिवस भरत आले होते. निकाल कळल्यावर तिचा नवरा थोरल्या मुलीला घेऊन गेला तो परत फिरकला नव्हता. मोटारी दुरुस्त करायचा तो. जायला दुसरी जागा नाही म्हणून ताईनेच तिला ठेवून घेतलं होतं, आणि त्याबद्दल मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली होती.

ताई स्टूल ओढून बसली. वॉर्डात ती कधी बसत नसे, त्यामुळे बाई दचकून उठायला लागली.

“झोपा, झोपा. मला तुम्हाला काही सांगायचंय. तुम्ही आलात तेव्हा तुम्हाला ताप होता. त्या तापामुळे तुमची रक्ताची तपासणी चुकली असण्याची शक्यता आहे. आम्ही उद्या परत करू. तोवर इंजेक्शनं चालूच ठेवा. पण मी तुम्हाला जे इतकं खात्रीने सांगितलं, तशी खात्री मला नव्हती. म्हणजे, मला वाटत होती, पण... चूक झाली असावी. आमची.”

“माझी,” अण्णा मागून म्हणाला.

बाईने ताईकडे पाहिलं, मग अण्णाकडे. तिच्या चेहऱ्यावर आनंद आला नाही, रागही आला नाही.

“हे मला काय सांगता, डॉक्टरीणबाई?” ती म्हणाली. “मला तर ठाऊकच होतं. सांगायचं तर त्याला सांगा.”

आजवर ताईला वाटायचं, आपण बायकांशी बोलतो; निकाल ऐकून ठरवणारा मात्र शेजारी बसलेला नवरा असायचा.

“कुठे राहतात ते?” धाकट्याने विचारलं. तो खाटेच्या पायथ्याशी उभा होता हे सगळे विसरलेच होते. बाईने गल्ली सांगितली, मोटारीच्या दुकानाची खूण सांगितली. “मी जातो,” तो म्हणाला.

“तू?” ताई म्हणाली. “तुला काय कळतंय यातलं? अण्णा जाईल.”

“अर्कातलं मला काही कळत नाही. पण त्या माणसाला अण्णा काय सांगणार? गुठळ्या आणि रेती? तो ऐकणार नाही. मला ठाऊक आहे तो काय म्हणेल ते.”

मास्तरीण दारात उभी होती. दुपारपासून तिने त्याच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. आता पाहिलं.

“आणि त्याने विचारलं, तुम्ही कोण, तर?”

धाकट्याने तोंडावरून हात फिरवला. “सांगेन, माझ्याही बायकोचं असंच निघालं. आणि मीही पहिल्यांदा तेच विचारलं जे तुम्ही विचारलंत.” तो थांबला. “मग सांगेन की त्यानंतर तिने माझ्याकडे कसं बघितलं. ते ऐकून तरी येईल.”

ताईला वाटलं, आता ती रडेल आणि सगळं ठीक होईल. पण मास्तरीण रडली नाही आणि सगळं ठीकही झालं नाही. तिने पदर नीट केला.

“मी येते बरोबर,” ती म्हणाली. “तुमच्यासाठी नाही. हिच्यासाठी.”

धाकट्याने मान हलवली आणि तिला आधी जाता यावं म्हणून दारातून बाजूला झाला.